एकसारखी वाकडी

सरळकाकूंच्या दारात पाहुण्याने चपला काढल्या की दोन मिनिटांत त्या टाचेला टाच लावून उभ्या असतात. कोण लावतं ते कोणाच्या लक्षात येत नाही. काकू तोंडाने "या ना, बसा ना, किती दिवसांनी" म्हणत असतात आणि पायाच्या अंगठ्याने चपला रांगेत आणत असतात. त्यांना हे नाव इमारतीतल्या लोकांनी दिलं ते यामुळेच. दुसऱ्याच्या दारावरची पाटी तिरकी दिसली तर काकू बेल न वाजवता ती सरळ करतात आणि पुढे जातात. एकदा डॉक्टर छातीला नळी लावून तपासत होते तेव्हा काकूंनी हात लांब करून त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं होतं. डॉक्टर म्हणाले, "श्वास घ्या." काकू म्हणाल्या, "आता घेते."

अशा बाईच्या हातात कात्री आणि कागद आला की काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको. काकू घरी कार्डं करतात. वसंताची, पावसाची, पानगळीची, थंडीची. ज्याला ज्या ऋतूत ज्याची आठवण येईल त्याने ते त्याला पाठवावं. पावसाचं कार्ड उघडलं की आतली छत्री उघडते. पानगळीच्या कार्डात झाड उभं राहतं आणि त्याची पानं दोऱ्यावर लटकत हलतात. थंडीचं कार्ड म्हणजे त्यांचा जीव. समोर घर, घराला खिडकी, खिडकीच्या आत पिवळा कागद, आणि वरून ट्रेसिंग पेपरचे तीन थर, म्हणजे धुकं. एकेक थर बाजूला सारत गेलं की खिडकी जवळ येते. धुक्याचे तिन्ही थर कडेला कड लागून बसले तरच ती गंमत होते. सूतभर सरकले तर धुकं कसलं, नुसता मळका कागद.

हे सगळं बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर चालतं. त्या टेबलावर घरातलं कोणी जेवत नाही, कोपर टेकवत नाही, काकूंच्या समोर तर शिंकतही नाही. पेन्सिलीची रेघ काकूंना चालत नाही. "रेघ मारून कापायचं म्हणजे काठी टेकत चालायचं," असं त्या म्हणतात. कागदाची घडी घालायची, जुन्या चमच्याच्या पाठीने ती दाबायची आणि मग कात्री अशी चालवायची की कात्री जागच्या जागी आणि कागदच फिरतोय असं वाटावं.

घरात दुसरं माणूस म्हणजे काका. काका नोकरीभर रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या सूचना देत होते. निवृत्त झाले, पण सूचना सुटल्या नाहीत. "कृपया लक्ष द्या. आंघोळीचं गरम पाणी थोड्या उशिराने येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल घरमालक दिलगीर आहे." काकूंना याची सवय झाली आहे. त्या फक्त म्हणतात, "अहो, गाडी पुढे काढा."

तर या कार्डांना दुकानात जागा होती. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात, आत शिरल्या शिरल्या समोर, नजरेच्या उंचीवर लाकडी फळी, आणि तिच्यावर पाटी: हातकाम. बाकीची छापील कार्डं मागे गोल फिरणाऱ्या स्टँडवर, खोडरबर आणि फुग्यांच्या शेजारी. पण ती समोरची फळी काकूंची. वर्षानुवर्षं काकूंची. कार्डावर नाव घालायची काकूंची पद्धत नाही. त्यामुळे ती फळी हेच त्यांचं नाव. रस्त्यावरून जाताना त्या मान न वळवता एका डोळ्याने फळी बघत. तेवढ्यावर त्यांचा दिवस चांगला जाई.

थंडी तोंडावर आली तशी काकू कार्डांचं खोकं घेऊन दुकानात गेल्या. दुकानदार माणूस वाईट नाही. पण वर्षभरापूर्वी त्याने कुठेतरी तीन दिवसांचं शिबिर केलं, आणि तेव्हापासून त्याला दर दोन वाक्यांमागे "फील" येतो.

"म्हणजे कसं आहे ताई," तो म्हणाला, आणि खोकं उघडून एक कार्ड नाकाशी धरून बघू लागला. "काम तुमचं एक नंबर. त्याबद्दल प्रश्नच नाही. पण फील येत नाही."

"कसला फील?"

"हॅन्डमेडचा. गिऱ्हाईक येतं, हातात घेतं, उलटंपालटं करतं आणि म्हणतं, हे तर मशीनचं आहे. हातकाम म्हणून आम्हाला फसवताय का?"

काकूंना आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सांगायचं ना, की हातचं आहे म्हणून."

"सांगतो ना! विश्वास ठेवत नाहीत. म्हणतात, हाताने एवढं सरळ कापताच येत नाही. म्हणजे कसं आहे ताई, तुम्ही जरा..." त्याने आवाज उतरवला, जसा माणूस औषधाच्या दुकानात नको ते औषध मागताना उतरवतो. "जरा वाकडं कापा ना."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाहेरच्या जगात त्या मोठ्याने बोलत नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"थोडंसंच. एखादी कड अशी. एखादा गमचा डाग. कुठे बोटाचा ठसा. माणसाचा हात लागलाय असं वाटायला हवं. समोरच्या फळीवर मला आता फीलवालाच माल ठेवायचाय. ही खेप घेऊन जा, आठवड्याने वाकडी करून आणा. नाहीतर फळी मला दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

काकू खोकं घेऊन परत निघाल्या. जाताना त्यांनी काउंटरवरचा पेनांचा डबा सरळ केला. सवय.

घरी आल्यावर मात्र बांध फुटला.

"गमचा डाग! अहो ऐकताय का? पस्तीस वर्षं मी डाग पडू नये म्हणून गम काडीच्या टोकाने लावते, काडीच्या! आणि हा मला सांगतो डाग पाडा! उद्या शिंप्याला सांगेल, एक बाही लांब ठेव, म्हणजे माणसाने शिवलंय असं वाटेल. न्हाव्याला सांगेल, जरा कान काप, फील येऊ दे! नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. इथे माझं अंगण सरळ आहे म्हणून नाच बंद!"

काका म्हणाले, "कृपया शांतता राखा."

"तुम्ही गप्प बसा!"

काका बसले. मग हळूच म्हणाले, "अगं, पण सरळ बोटाने तूप निघत नाही, असं म्हणतात."

"तूप काढायचं नाहीये मला. कार्ड करायचंय."

पण फळी गेली तर? काकू टेबलाशी बसल्या. कोरा कागद घेतला, घडी घातली, कात्री धरली, आणि फळी डोळ्यांसमोर आली. समोरची, नजरेच्या उंचीवरची. तिथे दुसऱ्याच कोणाची कार्डं. काकूंनी डोळे मिटले आणि मनाशी म्हणाल्या, एकदाच. या थंडीपुरतं.

आणि वाकडं कापायला घेतलं.

वाकडं काही होईना. हात आपोआप सरळ. मुद्दाम मनगट हलवलं तर कात्रीने एक लाटेसारखं सुबक वळण घेतलं, तेही असं की फ्रेम करून लावावं. डोळे मिटून कापलं. सरळ. काकांना म्हणाल्या, "मी कापत असताना मला धक्का द्या." काकांनी भीतभीत खांद्याला बोट लावलं. "याला धक्का म्हणतात? पिसू चावल्यासारखं?" काकांनी जरा जोरात दिला. कात्री डगमगली नाही, काकाच टेबलाच्या पायाला अडखळले. मग डावा हात. डाव्या हाताने पहिलं कार्ड खरोखर भयंकर निघालं. काकूंना आशा वाटली. पण डावा हातही त्याच घरातला. चौथ्या पाचव्या कार्डापर्यंत तोही शिकला आणि सरळ चालू लागला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं राहतं म्हणतात. काकूंची कात्री म्हणजे त्या शेपटाची उलटी जात.

शेवटी काकूंनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. डाव्या हाताचं ते पहिलं भयंकर कार्ड घेतलं, जाड पुठ्ठ्यावर ठेवलं, आणि त्याच्या वाकड्या कडेबरहुकूम, उजव्या हाताने, अत्यंत सरळपणाने, साचा कापला. वाकडेपणाचा साचा. मग तो त्या परत आणलेल्या खेपेवर ठेवून एकामागून एक कार्डं. आठवडाभर. गमचा डागसुद्धा प्रत्येक कार्डावर उजव्या कोपऱ्यात, खालून दोन बोटं, काडीच्या टोकाने, मुगाच्या दाण्याएवढा.

"झालं का वाकडं?" काकांनी विचारलं.

"झालं," काकू म्हणाल्या, आणि कार्डं खोक्यात भरताना त्यांनी प्रत्येकाची वाकडी कड पुढच्याच्या वाकड्या कडेला नीट लावली.

दुकानदाराने खोकं उघडलं. पहिलं कार्ड काढलं आणि त्याचा चेहरा खुलला. "वा! म्हणजे कसं आहे ताई, हा आला फील!" दुसरं काढलं. शेजारी ठेवलं. तिसरं काढलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा फील हळूहळू उतरला. त्याने तिन्ही एकावर एक ठेवली. कडा तंतोतंत जुळल्या. तिन्ही डागसुद्धा एकाखाली एक.

"ताई."

"काय?"

"ही सगळी एकसारखीच वाकडी आहेत."

"मग? कमीजास्त वाकडी चालतात का? एकाला जास्त वाकडं मिळालं तर दुसरा विचारणार नाही, मला कमी का म्हणून?"

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "आता तर अजूनच मशीनची वाटतायत. वाकडं कापणाऱ्या मशीनची." आणि मग, खाली बघत, "तसंही, म्हणजे कसं आहे, समोरच्या फळीचं काम झालंय. मी दुसरीकडून कार्डं घेतली."

काकूंनी तेव्हा फळीकडे पाहिलं. इतका वेळ मुद्दाम पाहिलं नव्हतं.

फळीवर कार्डं होती. घरं होती, पण भूकंप होऊन गेल्यासारखी. धुकं होतं, पण गमने चिकटून त्याचे गोळे झाले होते. खिडकी एका कार्डात भिंतीत होती, एकात छपरात. कडा उंदराने कुरतडाव्यात तशा. आणि प्रत्येक कार्डावर अंगठ्याचा असा ठळक ठसा की पोलिसांना पुढे काही शोधायला नको. काकूंना मात्र शोधायचीही गरज नव्हती. हा अंगठा त्या ओळखत होत्या. त्याच अंगठ्याने गेल्या पावसाळ्यात त्यांच्या टेबलाशी बसून, "वहिनी, मला पण शिकवा ना, मी आपली साधी हो," म्हणत त्यांचे कितीतरी कागद वाया घालवले होते.

"वन्संची?" काकूंनी विचारलं.

"तुमच्या वरच्या मजल्यावरच्या ताई, हो. काय फील आहे बघा! लोक हातात घेतात आणि म्हणतात, अय्या, किती खरं!"

काकांच्या धाकट्या बहिणीला इमारतीत सगळे वरच्या वन्सं म्हणतात, अगदी दूधवालासुद्धा. "मला काय कळतंय" असं म्हणून ज्या सुरुवात करतात आणि समोरच्याला काहीच कळत नाही हे सिद्ध करून थांबतात, अशा बायकांमध्ये त्यांचा वरचा नंबर. त्या जिन्यातच भेटल्या. भेटल्या म्हणजे उभ्याच होत्या.

"वहिनी, दुकानात गेला होता का? मला काय कळतंय, पण तो दुकानदार माझ्या मागेच लागला हो. मी म्हटलं, अरे बाबा, खरी कलाकार तर आमची वहिनी. तर म्हणतो कसा, त्यांचं काम फार कडक आहे. कडक! मी म्हटलं, असं नाही बोलू. कडक असलं तरी मनाने चांगली आहे."

"वन्सं, ते धुकं माझं आहे."

"धुकं काय कोणाच्या बापाचं असतं का, वहिनी? थंडीत सगळ्यांकडेच पडतं."

"माझ्याकडे पडतं ते तीन थरांचं पडतं. तुमच्याकडे पडलंय त्याला गोळे म्हणतात."

"बघा, म्हणजे कडक म्हणतात ते काही खोटं नाही," वन्सं हसून म्हणाल्या, आणि कठड्यावर ठेवलेली त्यांची पिशवी काकूंच्या हातून आपोआप सरळ झाली. काकू रागाने लाल झाल्या होत्या, पण हात आपलं काम करतच होता.

घरी काकूंचं बोलणं बंद झालं. काकांना आरडाओरडा परवडला असता. बोलणं बंद म्हणजे सगळ्या गाड्या यार्डात. काकांनी एकदा "कृपया" म्हणून पाहिलं आणि पुढचं गिळलं. काकूंनी वाकड्या कार्डांचं खोकं उघडलं, पुठ्ठ्याचा साचा काढला, आणि त्याचे चार तुकडे केले. चारही सारखे. मग वाकड्या कार्डांच्या पाठीवर सामानाच्या याद्या लिहिता येतील म्हणून ती स्वयंपाकघरात ठेवली आणि टेबलाशी बसल्या. नवे कागद. घडी. चमच्याची पाठ. कात्री.

"पण घेणार कोण?" काकांनी शेवटी विचारलंच. "फळी तर गेली."

"गेली तर गेली. मला फळीसाठी उंदराने कुरतडल्यासारखं कापता येत नाही. आयुष्यभर हात सरळ धरला, तो आता कोणाच्या फीलसाठी सैल सोडू? ज्याला हात म्हणजे नुसता डाग वाटतो त्याला हात काय ठाऊक! अहो, डाग कोणीही पाडतं. मांजरसुद्धा पाडतं!" त्या थांबल्या. "तो मशीनचं म्हणतो ना? ठीक आहे. मशीनच्यात ठेवा म्हणावं."

कार्डं तयार झाल्यावर दोघं दुकानात गेले. काकूंनी समोरच्या फळीकडे बघितलंही नाही. सरळ मागे, फुगे आणि खोडरबरांच्या शेजारी, गोल फिरणाऱ्या स्टँडपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"इथे लावा."

"इथे?" दुकानदार गडबडला. "ताई, इथे छापील माल असतो. इथे हातकाम म्हणून पाटी नाही लावता येणार. भावही छापीलचाच."

"पाटी तुमच्याकडे ठेवा. ती ज्याच्या अंगठ्याला शोभते त्याला द्या. माझी कार्डं या मशीनवाल्यांत लावा, आणि बघू दे कोणत्या मशीनला जमतंय."

"अहो पण..."

"म्हणजे कसं आहे," काकू अगदी त्याच्याच सुरात म्हणाल्या, "मला तुमच्या फळीचा फील येत नाही."

दुकानदाराने स्टँडवरचे दोन कप्पे रिकामे केले. काकूंनी कार्डं स्वतः लावली, आणि जाता जाता शेजारच्या कप्प्यातली छापील गुलाबांची कार्डंही सरळ केली.

तेवढ्यात एक आजोबा आले. मफलर कानावरून, चष्मा कपाळावर. त्यांनी स्टँड फिरवला, गुलाब बघितले, मांजरी बघितल्या, स्टँड थांबवला. धुक्याचं कार्ड काढलं. पहिला थर सारला. दुसरा सारला. तिसरा सारला. खिडकी समोर आली. त्यांनी सगळे थर परत मिटले आणि पुन्हा एकेक सारले. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"अहो, हे कुठल्या कंपनीचं?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

दुकानदाराने काकूंकडे बघितलं. काकूंनी छताकडे बघितलं.

"अशीच दोन मिळतील का?" आजोबा म्हणाले. "पण अगदी अशीच हं. दोघी नाती आहेत, जुळ्या. एकीच्या कार्डात तसूभर फरक निघाला तर दुसरी फोनवर रडून घर डोक्यावर घेते. मागे ती समोरची हातकामाची नेली होती. एकीच्या घराची खिडकी छपरात, दुसरीच्या भिंतीत. आठवडाभर तंटा चालला होता. 'आजोबा, तिला छपरातली का? मला का नाही?' तोबा!"

काकूंनी स्टँडवरून दुसरं कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. आजोबांनी दोन्ही कार्डं एकावर एक ठेवली. कडा जुळल्या. ती तशीच उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. खिडकीवर खिडकी. उजेड आरपार, एकाच चौकोनातून.

"वा!" आजोबा म्हणाले. "काय मशीन आहे हो!"

काकांनी डोळे मिटून घेतले. आता गाडी रुळावरून उतरणार हे त्यांना कळलं होतं.

"मशीन?" काकूंचा आवाज चढला. दुकानात पहिल्यांदाच. "मशीनला गुडघेदुखी असते का? मशीन रात्री डोळ्यांत औषध घालतं का? हे मशीन गेली पस्तीस वर्षं एका टेबलाशी बसलंय, आणि त्याला मशीन म्हटलेलं अजिबात खपत नाही!"

आजोबा दचकून कार्डांकडे बघू लागले, मग काकूंच्या बोटांकडे, मग परत कार्डांकडे. "तुम्ही?" ते म्हणाले. "हे? हाताने?" आणि मग त्यांच्या डोक्यातून भलताच प्रश्न निघाला. "मग पुढच्या थंडीतही अशीच दोन कराल का? अगदी यासारखीच? त्यांना तेव्हाही फरक चालणार नाही हो."

"करीन," काकू फटकन म्हणाल्या. "फरक काढून दाखवा, म्हणजे मीच परत घेईन."

आजोबा दोन्ही कार्डं छातीशी धरून काउंटरकडे गेले. दुकानदार मान खाली घालून ती कागदात गुंडाळत होता, आणि समोरच्या फळीवरून एका कार्डाचा गोळा झालेला धुक्याचा तुकडा सुटून हळूच खाली पडला.

घरी येताना काका म्हणाले, "अगं, घेतली की त्यांनी. पुढच्या वर्षीचंही ठरलं."

"मशीन म्हणाले."

"नंतर चूक कळली की त्यांना."

"आधी मशीन म्हणाले! त्या दुकानदारासमोर!" काकू भराभर चालत होत्या, काका मागे. "आणि तो बघा, गुंडाळताना कागद कसा तिरका लावत होता. सगळं वाकडंतिकडं. त्याला फील येतोय म्हणे!" कोपऱ्यावर त्या क्षणभर थांबल्या, दम घेतला. "अहो, घरी गेलं की टेबलावरचं वर्तमानपत्र उचला. आणखी चार कापून ठेवते. कोणाकोणाच्या घरी जुळी असतील, काय सांगावं."